हॉलमधलं अर्धं पार्टिशन आणि माझं न तपासलेलं गृहीतक



पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास छळतो: गृहीतक आणि परिकल्पना यांत फरक काय? पुस्तकात दोन्हींच्या व्याख्या असतात, आपण पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरून जातो. माझंही तसंच झालं होतं. हा फरक मला खऱ्या अर्थानं कळला तो आमच्या घरच्या हॉलमध्ये, २२ हजार रुपये खर्च झाल्यानंतर. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवूया आणि एका भिंतीची गोष्ट बघूया. गोष्टीत थोडं गणित आहे, पण दहावीच्या पुढचं नाही. लॉगचं बटण असलेला मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरेल.

घर, टीव्ही आणि अभ्यास

आमचं घर चिंचवडला, वन बीएचके. हॉल आणि ओपन किचन एकत्र. हॉल ११ फूट रुंद, १८ फूट लांब, उंची साडेनऊ फूट. एका टोकाला टीव्ही आणि बाबांची खुर्ची, दुसऱ्या टोकाला माझ्या धाकट्या बहिणीचं टेबल. ती सीएची तयारी करतेय. बेडरूममध्ये आजी असते, ती आठ वाजता झोपते, म्हणून तिथे दिवा लावून बसता येत नाही.

बाबांनी ३० वर्षं प्रेस शॉपमध्ये काम केलंय. दिवसभर पत्र्यावर पडणाऱ्या ठोक्यांत राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे टीव्हीचा आवाज २२ वर. त्याच हॉलमध्ये बहिणीचा अभ्यास. रोज रात्री साडेआठ ते दहा ही वेळ घरात जरा तणावाचीच असायची.

बहीण एक दिवस म्हणाली, "ताई, हॉलमध्ये बसून माझा अभ्यासच होत नाही."

आता माझा पीएचडीचा विषय आहे रस्त्याकडेचे ध्वनिरोधक. उड्डाणपुलांच्या कडेला उभे पत्रे किंवा पारदर्शक फलक लावलेले तुम्ही पाहिले असतील, तेच. आवाज अडवण्यासाठी अडथळा किती उंच हवा, हे मी रोज मोजते. त्यामुळे मी लगेच म्हणाले, "अर्धं पार्टिशन घालू. वर मोकळं राहील, हवा खेळेल, आणि आवाज निम्म्याहून कमी होईल."

इथेच मी तीन चुका केल्या होत्या. तुम्हाला दिसतायत का बघा. नाही दिसल्या तरी हरकत नाही, मलाही दिसल्या नव्हत्या.

मी केलेलं गणित

ठरलं ते पार्टिशन असं: उंची ६ फूट, लांबी ७ फूट, आणि ये-जा करायला ४ फूट जागा मोकळी.

आवाज भिंतीवरून वळून पलीकडे जातो. सरळ जाण्यापेक्षा वळून जायला त्याला किती जास्त अंतर कापावं लागतं, त्यावर तो किती कमी होणार हे ठरतं. टीव्हीपासून पार्टिशनच्या माथ्यावरून बहिणीच्या कानापर्यंतचं अंतर मी काढलं. सरळ रेषेपेक्षा ते ३० सेंटीमीटरनं जास्त भरलं. ५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ६९ सेंटीमीटर. जास्तीच्या अंतराची दुप्पट भागिले तरंगलांबी, म्हणजे ६० भागिले ६९, आलं ०.८७. या आकड्याला फ्रेनेल अंक म्हणतात.

कोबे विद्यापीठातले जपानी संशोधक माएकावा यांनी १९६८ साली एक आलेख प्रसिद्ध केला. फ्रेनेल अंक माहीत असेल तर अडथळ्यामुळे आवाज किती डेसिबलनं घटेल, हे त्यावरून वाचता येतं. त्या आलेखाच्या जवळ जाणारं एक सोपं सूत्र आहे: १० × लॉग (३ + २० × फ्रेनेल अंक). आमच्या हॉलसाठी कंसातली बेरीज आली २०.४, आणि उत्तर १३ डेसिबल.

साधारण १० डेसिबल घट झाली की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे १३ डेसिबल ही चांगलीच घट. माझी परिकल्पना तयार झाली: "पार्टिशन घातल्यावर बहिणीच्या टेबलापाशी टीव्हीचा आवाज सुमारे १३ डेसिबलनं कमी होईल." बघा, ही परिकल्पना म्हणून अगदी नीट आहे. तिच्यात स्वाश्रयी चल आहे, आश्रयी चल आहे, आकडा आहे, आणि ती खोटी ठरू शकते.

मिस्त्री म्हणाले, "प्लायनं काय होणार? चार इंची विटेची घाला, आवाजच येणार नाही." मी वजनाचा हिशेब केला. प्लास्टर धरून तेवढी विटेची भिंत जवळजवळ एक टन भरते. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर, खाली बीम आहे की नाही हे न बघता, एक टन एका रेषेत ठेवायचा नसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी असल्याशिवाय तुम्हीही असं काही करू नका. आम्ही लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी प्लाय लावला, बहिणीच्या बाजूला पुस्तकांसाठी फळ्या केल्या. खर्च २२ हजार. हे पैसे तिच्या टेस्ट सिरीजसाठी बाजूला ठेवलेले होते.

प्रयोग यशस्वी?

पार्टिशन घालायच्या आधी एका संध्याकाळी मी मोबाइलवरच्या ॲपनं टेबलापाशी आवाज मोजला होता: ६१ डेसिबल. पार्टिशन झाल्यावर चार दिवसांनी पुन्हा मोजला: ५३.

८ डेसिबलनं कमी! १३ नाही, पण घरगुती कामाला वाईट नाही. आईनं शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. बहीणही म्हणाली, बरं वाटतंय. मी मनातल्या मनात निष्कर्षाचं प्रकरण लिहून टाकलं.

आठवड्यानं मी रिमोट हातात घेतला आणि स्क्रीनवरचा आकडा बघितला. आवाज १५ वर होता.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला एवढ्यावर ऐकू येतं?"

ते म्हणाले, "अगं, खालच्या पट्टीवर बातम्या येतात की. वाचतो मी. पोरीसाठी एवढा खर्च केला, मग मोठ्यानं लावायचा कसा?"

म्हणजे आवाज बाबांनी कमी केला होता. भिंतीमुळे नव्हे, भिंतीच्या भिडेमुळे. ते रोज रात्री न ऐकू येणारा टीव्ही बघत बसत होते आणि मी त्याला माझ्या सूत्राचं यश समजत होते.

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतात. आपण एक गोष्ट बदलतो आणि तिच्यासोबत दुसरी गोष्ट आपल्या नकळत बदलते. परिणाम दुसरीचा असतो, श्रेय पहिलीला जातं. पुस्तकातली उदाहरणं खतं आणि औषधांची असतात, म्हणून आपल्याला वाटतं हे प्रयोगशाळेत घडतं. पण माणसांचा अभ्यास करताना हा चल बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावातच असतो. आपण काहीतरी केलंय हे कळल्यावर माणसं वागणं बदलतात, आणि पुष्कळदा आपल्याला बरं वाटावं म्हणून बदलतात.

पुन्हा मोजलं, या वेळी नीट

आता भिंत काढून "आधीचं" मोजता येणार नव्हतं. ही माझी पहिली चूक. आधीची नोंद होती, पण टीव्ही कितीवर होता, कोणता कार्यक्रम होता, पंखा चालू होता का, यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. तो ६१ चा आकडा खरा असूनही निरुपयोगी होता.

इथे वॉलेस साबीन यांची आठवण काढायलाच हवी. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठानं या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानगृह दुरुस्त करायला सांगितलं. तिथे आवाज इतका घुमायचा की व्याख्यान समजायचं नाही. साबीन रात्री सगळं शांत झाल्यावर जायचे, ऑर्गनची एक नळी वाजवायचे, बंद करायचे, आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून थोड्या थोड्या वाढवत जायचे आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचे. तीच खोली, तीच नळी, बदल फक्त गाद्यांचा. खोलीतल्या ध्वनीचं शास्त्र या चिकाटीतून उभं राहिलं. मी मात्र एकदा आधी, एकदा नंतर मोजून मोकळी झाले होते.

मग काय करायचं? "आधी" मिळत नसेल तर तुलनेसाठी दुसरं काहीतरी शोधायचं. पार्टिशनशेजारी ४ फुटांची मोकळी वाट होती. टीव्हीपासून सारख्याच अंतरावर मी दोन जागा ठरवल्या: एक पार्टिशनच्या आड, बहिणीच्या खुर्चीवर, दुसरी वाटेच्या समोर, जिथून टीव्ही सरळ दिसतो. पेनड्राइव्हवर एकसारखा खरखराट भरला, टीव्ही २२ वर ठेवला, पंखा बंद, खिडक्या बंद. प्रत्येक जागी दहा वेळा मोजलं, जागा आलटून-पालटून.

वाटेसमोर सरासरी ६०, पार्टिशनआड ५७. फरक फक्त ३ डेसिबल.

मोबाइलचा माइक प्रमाणित नसतो, त्यामुळे ६० म्हणजे खरोखर ६० च असं मी म्हणणार नाही. पण एकाच मोबाइलनं, एकाच आवाजाच्या दोन मोजण्यांमधला फरक त्यापेक्षा बराच भरवशाचा असतो. शिवाय वाटेसमोरच्या जागेवरही पार्टिशनचा थोडा परिणाम असणारच, म्हणून हे काही खरं "आधी" नव्हे. या मर्यादा मी वहीत लिहिल्या. तुम्हीही लिहा. परीक्षकानं विचारण्याआधी आपणच सांगितलेली मर्यादा बोचत नाही.

१३ चे ३ का झाले?

आता मुख्य मुद्दा. सूत्र चुकलं नव्हतं, आकडेमोडही बरोबर होती. चुकलं होतं ते सूत्राच्या पोटात दडलेलं गृहीतक.

माएकावांचा आलेख मोकळ्या जागेतल्या अडथळ्यासाठी आहे. उड्डाणपुलाच्या डोक्यावर आकाश असतं. वर गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या हॉलच्या डोक्यावर साडेनऊ फुटांवर छत आहे. टीव्हीचा आवाज छतावर, भिंतींवर, फरशीवर आपटून सगळ्या बाजूंनी येतो. आमच्यासारख्या खोलीत टीव्हीपासून अर्धा-पाऊण मीटर पुढे गेलात की सरळ येणाऱ्या आवाजापेक्षा आपटून आलेला आवाजच जास्त असतो. मी सरळ रस्ता बंद केला, पण बहुतेक आवाज त्या रस्त्यानं येतच नव्हता.

मग आधीच अंदाज कसा बांधायला हवा होता? अगदी साधा हिशेब आहे. हॉलचा आडवा छेद ११ × ९.५, म्हणजे १०४.५ चौरस फूट. पार्टिशन ७ × ६, म्हणजे ४२ चौरस फूट. म्हणजे ६० टक्के जागा उघडीच! समजा पार्टिशननं आपल्या अंगावर आलेला सगळा आवाज अडवला, तरी ६० टक्के ऊर्जा पलीकडे जाणार. १० × लॉग (१ ÷ ०.६) = २.२ डेसिबल. ढोबळ हिशेब आहे, पण मोजलेल्या ३ च्या किती जवळ आहे बघा. अवघड सूत्रानं १३ सांगितलं होतं, पाकिटाच्या मागे होणाऱ्या हिशेबानं २.२.

हाच हिशेब पुढे नेऊया. पार्टिशन छतापर्यंत नेलं आणि ४ फुटांची वाट तशीच ठेवली, तर ३६ टक्के जागा उघडी: ४.४ डेसिबल. उघडी जागा १० टक्क्यांवर आणली तर १० डेसिबल. १ टक्क्यावर आणली तर २०. म्हणून ध्वनी अडवायचा असेल तर भिंत कशाची आहे यापेक्षा फट किती आहे हे आधी बघतात. मिस्त्रींची एक टनाची विटेची भिंतही सहा फुटांवर थांबली असती तर २.२ च्या पुढे फारशी गेली नसती.

आता फरक सांगते. परिकल्पना म्हणजे जे विधान आपण तपासायला निघालो आहोत ते: "१३ डेसिबल कमी होईल." गृहीतक म्हणजे जे आपण न तपासता खरं धरून चालतो ते: "वर गेलेला आवाज परत येत नाही." परिकल्पना आपण ठळक अक्षरात लिहितो. गृहीतक बऱ्याचदा आपल्याला दिसतच नाही, कारण ते आपण वापरत असलेल्या सूत्राबरोबर, प्रश्नावलीबरोबर, सॉफ्टवेअरबरोबर घरात शिरलेलं असतं. माझ्या रोजच्या कामात ते खरं होतं, म्हणून मला ते कधी टोचलंच नाही. ही दुसरी चूक.

तिसरी चूक: प्रश्नच विचारला नव्हता

बहीण म्हणाली होती, "अभ्यास होत नाही." मी ऐकलं, "आवाज फार आहे." ती आवाजाबद्दल बोललीच नव्हती. मी ध्वनीचा अभ्यास करते म्हणून मला ध्वनीच ऐकू आला.

सगळी मोजमापं झाल्यावर तिला नीट बसवून विचारलं. ती म्हणाली, "आवाजाचं निम्मं चालतं गं. स्क्रीनवर काही हललं की डोळे तिकडे जायचे, ते आता थांबलं. चर्चेचे कार्यक्रम लागले की मात्र डोकं चालत नाही. आणि खरं सांगू, मी पुस्तक उघडलं की बाबा रिमोट शोधतात, ते मला बघवत नाही."

यातल्या मधल्या वाक्यामागे मोठं संशोधन आहे. १९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी दाखवलं की अक्षरांची मालिका लक्षात ठेवताना मागे कुणी बोलत असेल तर चुका वाढतात, भाषा समजत नसली तरीही. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की रोजच्या पातळीवर आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती बदलता आहे याचा त्रास जास्त. पंख्याची घरघर चालते, वादविवाद चालत नाही. म्हणजे ३ डेसिबल असोत की ८, माझं मोजमाप तिच्या त्रासाला फारसं भिडतच नव्हतं.

आणि तीच भिंत बाकी गोष्टींना वेगळी वागवते. दृष्टी तिनं पूर्ण अडवली. टेबलावरचा खिडकीचा उजेड इतका घटला की आता दिवसाही दिवा लागतो. हवा मी अगरबत्ती लावून पाहिली: सहा फुटांच्या वर धूर सहज पलीकडे जातो, पण बसल्या उंचीवर रेंगाळतो. म्हणजे मी ज्या कामासाठी पार्टिशन घातलं ते त्यानं जेमतेम केलं, आणि जे मी मोजलंच नाही ते मात्र चोख केलं. "हॉलचे दोन भाग केले" हे वाक्य त्यामुळे अपुरं आहे. कशासाठी दोन भाग? तुमच्या शीर्षकात "परिणाम", "प्रभाव", "सुधारणा" असे शब्द असतील तर त्यांनाही हाच प्रश्न विचारा: कशावरचा परिणाम, आणि तो कुणाला जाणवतो?

मग आम्ही काय केलं

पार्टिशन ठेवलं. बाबांच्या खुर्चीच्या पाठीला, कानापासून वीतभर अंतरावर, टीव्हीला जोडलेला छोटा स्पीकर बसवला. हेडफोन त्यांना नको होते. कान झाकले की घरात कोण बोलतंय कळत नाही म्हणाले. इतक्या जवळून सरळ येणारा आवाज आपटून येणाऱ्या आवाजावर मात करतो, म्हणून टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद ठेवूनही त्यांना शब्द कळतात. टीव्हीच्या बाजूला जाड पडदे लावले आणि पार्टिशनच्या मागच्या फळ्या पुस्तकांनी भरल्या. त्यानं घुमणं थोडं कमी झालं. ऑफिसांमध्येही अर्ध्या उंचीचे पडदे तेव्हाच काम करतात जेव्हा छत ध्वनी शोषणारं असतं. बाबांची कानाची तपासणीही करून घेतली, जी खरं तर दहा वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

स्पीकर ९०० रुपयांचा होता. पार्टिशनच्या आधी तो सुचला असता का? बहिणीला आणि बाबांना समोर बसवून दहा मिनिटं विचारलं असतं तर कदाचित.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या संशोधन आराखड्याचा कच्चा मसुदा काढा आणि या चार गोष्टी करा.

१. जी पद्धत, सूत्र किंवा प्रश्नावली वापरणार आहात ती मुळात कुठे, कुणासाठी तयार झाली ते एका ओळीत लिहा. तुमची जागा तिच्यापेक्षा कुठे वेगळी आहे ते दुसऱ्या ओळीत.

२. मोठं गणित करण्याआधी पाकिटाच्या मागे होईल असा ढोबळ हिशेब करा. दोन उत्तरांत चौपट-पाचपट फरक आला तर थांबा. त्या फरकातच गृहीतक लपलेलं असतं.

३. "आधीची" नोंद आज घ्या. आकड्याबरोबर परिस्थितीही लिहा: वेळ, जागा, काय चालू होतं, कोण होतं.

४. ज्यांच्यासाठी संशोधन करताय त्यांच्यापैकी एकाला समोर बसवून विचारा की त्रास नेमका कशाचा आहे. उत्तर ऐकताना तुमचा विषय जरा बाजूला ठेवा.

मसुदा गाइडना दाखवण्याआधी हे केलंत तर पहिल्या सहा महिन्यांतला बराच मनस्ताप वाचेल, असं मी अनुभवावरून सांगते. पुढच्या लेखात मोबाइल ॲपनं मोजलेले आकडे प्रबंधात कितपत चालतात, त्याबद्दल लिहीन. तोपर्यंत बाबांच्या बातम्या चालू आहेत, बहिणीचा अभ्यासही चालू आहे, आणि रिमोट बरेच दिवस कुणी शोधलेला नाही.